साताऱ्यातील लिनक्स संगणक आणि पुण्याहून लॉगिन: अडथळ्यांचा माग

साताऱ्याच्या घरी एक जुना पण धडधाकट डेस्कटॉप संगणक आहे. त्यावर उबुंटू २४.०४ ही लिनक्स प्रणाली चालते आणि त्याच्या डिस्कवर आजोबांनी जमवलेल्या जुन्या मासिकांची स्कॅन केलेली पाने साठवलेली आहेत. टेसरॅक्ट या मुक्त सॉफ्टवेअरकडून त्या पानांतील मराठी मजकूर ओळखून घेण्याचे काम हा संगणक रात्रंदिवस करत असतो. मधूनमधून एखादे फाटके किंवा तिरपे स्कॅन झालेले पान बाजूला काढावे लागते, अडखळलेले काम पुन्हा सुरू करावे लागते, डिस्कवर जागा किती उरली ते पाहावे लागते. मी पुण्यात नोकरीला असल्यामुळे हे सगळे एसएसएचने, म्हणजे दूरच्या संगणकाचे टर्मिनल सुरक्षितपणे उघडून देणाऱ्या लॉगिन व्यवस्थेने, करायचे ठरवले. ते विनाअडथळा चालू लागेपर्यंत कोणत्या अडचणी आल्या, प्रत्येक अडचण नेमकी कुठे होती आणि ती कशी ओळखता आली, हे येथे क्रमाने सांगत आहे.

‘लॉगिन होत नाही’ ही तक्रार एका वाक्याची असली तरी तिच्यामागे अगदी वेगवेगळ्या घटना दडलेल्या असतात, आणि त्या वेगळ्या करण्याचे पहिले साधन म्हणजे पडद्यावर उमटलेला संदेश. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ हा संदेश तत्काळ येतो. आपली विनंती समोरच्या यंत्रापर्यंत पोहोचली, यंत्र जागे आहे, पण त्या पोर्टवर, म्हणजे एकेका सेवेसाठी ठरलेल्या क्रमांकाच्या दारावर, ऐकणारा कोणताही प्रोग्राम नाही आणि म्हणून यंत्राने स्वतःच नकार पाठवला, असा त्याचा बहुतेक वेळा अर्थ असतो. ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ बऱ्याच प्रतीक्षेनंतर येतो आणि त्यात कोणाचेच उत्तर आलेले नसते. मधल्या फायरवॉलने, म्हणजे नको त्या जोडण्या अडवणाऱ्या पहाऱ्याने, विनंती गिळून टाकली असेल, पत्ता चुकीचा असेल किंवा यंत्र झोपलेले असेल. ‘नो रूट टू होस्ट’ हा संदेश घरातल्याच नेटवर्कवर दिसला, तर त्या आयपी पत्त्याचे यंत्र बहुधा नेटवर्कवर हजरच नसते. आणि ‘परमिशन डिनाइड’ दिसला, तर नेटवर्कचा सगळा प्रवास सुखरूप झालेला असून प्रश्न फक्त ओळख पटवण्याचा उरलेला असतो. ज्याला ‘परमिशन डिनाइड’ दिसत आहे त्याने राउटरच्या सेटिंगमध्ये शिरणे व्यर्थ आहे, आणि ज्याला ‘टाइम्ड आउट’ दिसत आहे त्याने किल्ल्या, म्हणजे पासवर्डऐवजी ओळख पटवणाऱ्या फायली, पुन्हा पुन्हा तयार करणेही तितकेच व्यर्थ आहे. मदत मागणारे अनेक जण संदेश न सांगता ‘चालत नाही’ एवढेच सांगतात, तेव्हा मला मनापासून वाईट वाटते, कारण अर्धे निदान त्या एका ओळीत तयार असते.

यामुळेच मी तपासाची दिशा आतून बाहेर अशी ठेवली. आधी साताऱ्याच्या संगणकावर बसून त्याच संगणकात लॉगिन करून पाहायचे, मग घरातल्याच दुसऱ्या लॅपटॉपवरून आणि ते जमल्यावरच पुण्याहून. संगणकावरून स्वतःशीच, म्हणजे ‘लोकलहोस्ट’शी, जोडणी होत नसेल तर बाहेरचे राउटर, सेवा पुरवठादार, फायरवॉल यांचा विचार करण्याची वेळच आलेली नसते.

पहिल्याच पायरीवर ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आले. त्याचे कारण साधे आहे. उबुंटूच्या डेस्कटॉप आवृत्तीत दुसरीकडे जाण्याचा एसएसएच प्रोग्राम आधीपासून असतो, पण दुसऱ्यांना आत घेणारा सर्व्हर नसतो. घरगुती यंत्रावर कोणी न मागता दरवाजा उघडा राहू नये, हे धोरण मला योग्यच वाटते. ‘ओपनएसएसएच-सर्व्हर’ हे पॅकेज बसवल्यावर ‘सिस्टिमसीटीएल’ने सेवेची स्थिती विचारली, तर ती ‘इनॲक्टिव्ह’ अशी दिसली. अनेकांचा गोंधळ येथेच होतो. उबुंटूने २२.१० या आवृत्तीपासून एसएसएच सेवा सतत चालू ठेवण्याऐवजी सगळ्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टिमडीच्या ‘सॉकेट’कडे पोर्ट ऐकण्याचे काम दिले आहे. पहिली जोडणी येते तेव्हा सॉकेट मूळ सेवेला जागे करतो. म्हणून सेवा निष्क्रिय दिसली तरी काळजीचे कारण नसते; पाहायचे असते ते ‘एसएसएच.सॉकेट’ सक्रिय आहे की नाही. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे ‘एसएस’ ही कमांड ‘-टीएलएनपी’ या पर्यायांसह चालवणे. कोणत्या पोर्टवर कोण ऐकत आहे याची यादी ती समोर ठेवते, आणि त्या यादीत २२ क्रमांक दिसला म्हणजे वादाला जागा राहत नाही. ज्यांना पोर्ट क्रमांक बदलायचा असेल त्यांनी हेही ध्यानात ठेवावे की २४.०४ मध्ये कॉन्फिगरेशनच्या फाईलमध्ये क्रमांक बदलल्यानंतर ‘डीमन-रीलोड’ करून सॉकेट पुन्हा सुरू करावे लागते. नुसती सेवा पुन्हा सुरू केल्याने जुनाच क्रमांक चालू राहतो. मी २२ बदलला नाही. हा क्रमांक १९९५ सालापासूनचा आहे. हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठातील तातू युलोनेन यांनी, तेथील नेटवर्कवर पासवर्ड चोरण्याचा प्रकार घडल्यानंतर, टेलनेट आणि आरलॉगिन या दूरवरून लॉगिन करण्याच्या जुन्या पद्धतींना पर्याय म्हणून एसएसएच लिहिले आणि फायली पाठवणाऱ्या एफटीपीचा २१ व टेलनेटचा २३ यांच्या मधला मोकळा क्रमांक त्यासाठी मागून घेतला.

घरातल्या लॅपटॉपवरून मात्र ‘टाइम्ड आउट’ आले. याची दोन कारणे एकत्र आली होती आणि दोन्ही झटपट सापडली. संगणकावर यूएफडब्ल्यू ही फायरवॉल चालू होती आणि तिचा मूळ नियम बाहेरून येणारी प्रत्येक जोडणी निःशब्दपणे टाकून देण्याचा असतो. ‘ओपनएसएसएच’ला परवानगी देणारा नियम जोडल्यावर तो प्रश्न मिटला. दुसरे म्हणजे लॅपटॉप राउटरच्या पाहुण्यांसाठीच्या वाय-फायवर होता. तशा नेटवर्कवरील उपकरणांना इंटरनेट मिळते, पण घरातल्या इतर उपकरणांपर्यंत पोहोचता येत नाही. मुख्य वाय-फायवर आल्याबरोबर संगणक दिसू लागला.

पत्त्याचा प्रश्न याहून चिवट असतो. राउटर घरातल्या उपकरणांना आयपी पत्ते उधारीवर देतो, आणि ती मुदत संपल्यावर किंवा राउटर बंद-चालू झाल्यावर १९२.१६८.१.३४ हा काल आपल्या संगणकाचा असलेला पत्ता उद्या एखाद्या फोनकडे जाऊ शकतो. म्हणून राउटरच्या पानावर जाऊन संगणकाच्या नेटवर्क कार्डाचा मॅक क्रमांक आणि एक पत्ता यांची कायमची जोडी लावून ठेवली. घरात असताना ‘.लोकल’ हे शेपूट लावलेल्या नावानेही संगणक सापडतो, ती अवाही या नावावरून यंत्र शोधून देणाऱ्या प्रोग्रामची सोय आहे. पण ती घराच्या नेटवर्कापुरतीच चालते.

याच सुमारास लॅपटॉपवर तो प्रसिद्ध इशारा आला, ज्यात दूरच्या यंत्राची ओळख बदलल्याचे मोठ्या अक्षरांत सांगितलेले असते. प्रत्येक एसएसएच सर्व्हरची स्वतःची एक किल्ली असते आणि पहिल्या जोडणीच्या वेळी आपला संगणक ती लक्षात ठेवतो. घरच्या संगणकावर २४.०४ नव्याने बसवल्यामुळे त्याची किल्ली नवी झाली होती आणि इशारा रास्त होता. जुनी नोंद ‘एसएसएच-कीजेन -आर’ने काढून पुढे जाणे सोपे आहे, पण तेवढ्यावर थांबणे मला मान्य नाही. मी साताऱ्याच्या संगणकाच्या समोर बसून ‘एसएसएच-कीजेन -एलएफ’ने नव्या किल्लीचा ठसा वहीत लिहून घेतला आणि लॅपटॉपवर नव्याने विचारणा झाली तेव्हा तो अक्षर अक्षर ताडून पाहिल्यावरच ‘येस’ लिहिले. एसएसएचची सगळी सुरक्षितता आपण योग्य यंत्राशी बोलत आहोत या खात्रीवर उभी आहे, आणि ती खात्री करून घेण्याची सर्वांत सोपी वेळ यंत्राच्या समोर बसलेले असतानाच असते.

यानंतर किल्ल्यांचा टप्पा आला. एड२५५१९ प्रकारची किल्ल्यांची जोडी, एक गुप्त आणि एक सार्वजनिक, लॅपटॉपवर तयार केली आणि तिचा सार्वजनिक भाग ‘एसएसएच-कॉपी-आयडी’ने घरच्या संगणकावर पाठवला. तरीही प्रत्येक वेळी पासवर्ड मागितला जात होता. लॅपटॉपवर जोडणीचा तपशील दाखवणारा ‘-व्ही’ हा पर्याय लावून पाहिले, तर किल्ली सादर केली जाते आणि सर्व्हर काही कारण न देता पुढच्या पद्धतीकडे वळतो, एवढेच कळत होते. हे मौन हेतुपुरस्सर आहे. आत येऊ पाहणारा मालक आहे की चोर हे सर्व्हरला अजून माहीत नसते, म्हणून नकाराचे कारण तो समोरच्याला सांगत नाही. ते स्वतःच्या नोंदवहीत लिहितो. म्हणून ओळख पटवण्याच्या अडचणीत उत्तर शोधायचे ते सर्व्हरच्या बाजूला. घरच्या संगणकावर ‘जर्नलसीटीएल -यू एसएसएच -एफ’ ही कमांड चालू ठेवली, लॅपटॉपवरून पुन्हा लॉगिन केले, आणि नोंद समोर आली: ‘ऑथेंटिकेशन रिफ्यूज्ड: बॅड ओनरशिप ऑर मोड्स फॉर डिरेक्टरी’, आणि त्यापुढे माझ्या होम फोल्डरचे नाव.

कारण असे होते. जुन्या डिस्कवरून सगळा मजकूर नव्या प्रणालीत आणताना होम फोल्डरची परवानगी ७७७, म्हणजे या संगणकाच्या कोणत्याही वापरकर्त्याला लिहिण्यास मोकळी, अशी झालेली होती. ज्या फोल्डरमध्ये कोणीही लिहू शकतो, त्याच्या आतली अधिकृत किल्ल्यांची फाईलही कोणीही बदलून स्वतःची किल्ली त्यात घालू शकतो. म्हणून एसएसएच सर्व्हर केवळ त्या फाईलची नव्हे, तर ती ज्या फोल्डरांच्या आत आहे त्या होम फोल्डरपर्यंतच्या सगळ्यांची परवानगी तपासतो आणि शंका आली की किल्ली बाजूला सारतो. होम फोल्डर ७५०, ‘.एसएसएच’ फोल्डर ७०० आणि ‘ऑथराइज्ड-कीज’ फाईल ६०० अशा परवानग्या दिल्याबरोबर किल्ली चालू झाली. या तपासणीला बंद करणारा ‘स्ट्रिक्टमोड्स’ नावाचा पर्याय आहे आणि तो बंद करण्याचा सल्लाही वाचायला मिळतो. तो कोणीही मानू नये, असे माझे ठाम मत आहे. परवानगी दुरुस्त करायला एक कमांड पुरते.

किल्ल्यांच्या संदर्भात आणखी दोन गोष्टी नोंदीतूनच कळल्या. बाबांच्या जुन्या टॅबलेटवरील एसएसएच ॲप आरएसए किल्लीवर एसएचए-१ पद्धतीची सही करत होते आणि २०२१ मध्ये आलेल्या ओपनएसएसएच ८.८ पासून ती सही मूळ सेटिंगमध्ये स्वीकारली जात नाही. आरएसए किल्ली स्वतः बाद झालेली नाही, बाद झाली आहे ती सहीची जुनी रीत. अद्ययावत ॲप वापरल्यावर तीच किल्ली चालते. दुसरी गोष्ट म्हणजे लॅपटॉपवर कामाच्या बऱ्याच किल्ल्या असल्या की एसएसएच त्या एकेक करून पुढे करते आणि योग्य किल्लीची पाळी येण्याआधीच सर्व्हर ‘टू मेनी ऑथेंटिकेशन फेल्युअर्स’ म्हणून जोडणी तोडतो, कारण मूळ मर्यादा ६ प्रयत्नांची असते. आपल्या कॉन्फिग फाईलमध्ये त्या यंत्रासाठी एकच किल्ली नेमून ‘आयडेंटिटीज-ओन्ली’ला ‘येस’ दिले की हा प्रकार थांबतो.

घराच्या आत सर्व काही नीट झाल्यावर पुण्याहून पोहोचण्याचा खरा प्रश्न उभा राहिला. रूढ मार्ग असा की राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून एका पोर्टवर आलेली जोडणी घरातल्या ठरावीक संगणकाकडे वळवण्याची सोय, लावायचे आणि घराच्या सार्वजनिक पत्त्यावर जोडणी करायची. मी ते लावले आणि फोनचे वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावरून तपासले; घराच्या आतूनच घराच्या बाहेरच्या पत्त्यावर जाऊन केलेली तपासणी अनेक राउटरांवर फसवी ठरते, म्हणून ती बाहेरूनच करावी. निकाल ‘टाइम्ड आउट’. राउटरच्या स्थितीच्या पानावर बाहेरच्या बाजूचा पत्ता पाहिला, तर तो १०० ने सुरू होत होता, आणि ‘माझा आयपी कोणता’ असे सांगणारे संकेतस्थळ वेगळाच पत्ता दाखवत होते. या दोन पत्त्यांतला फरक हेच पूर्ण उत्तर होते.

इंटरनेटच्या पत्तापद्धतीच्या चौथ्या आवृत्तीत, म्हणजे आयपीव्ही४ मध्ये, एकूण सुमारे ४३० कोटी पत्ते आहेत. आशिया-पॅसिफिक विभागाला पत्ते वाटणाऱ्या ॲपनिक या संस्थेचा साठा एप्रिल २०११ मध्ये शेवटच्या मोठ्या गटापर्यंत संपला. तेव्हापासून सेवा पुरवठादार शेकडो घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात आणि मधे पत्त्यांची अदलाबदल करणारा स्वतःचा एक मोठा भाषांतरक ठेवतात, ज्याला कॅरियर-ग्रेड नॅट किंवा सीजीनॅट म्हणतात. या मधल्या वापरासाठी १००.६४.०.० पासून १००.१२७.२५५.२५५ पर्यंतचा पट्टा २०१२ मध्ये राखून ठेवण्यात आला. राउटरचा बाहेरचा पत्ता या पट्ट्यात असेल, तर घरच्या राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग कितीही काळजीपूर्वक लावले तरी त्याचा उपयोग होत नाही, कारण बाहेरून आलेली विनंती पुरवठादाराच्या भाषांतरकावरच संपते. ती कोणत्या घराची हे त्याला ठाऊक नसते. आपल्याकडील घरगुती ब्रॉडबँडवर ही स्थिती इतकी सर्रास आहे की पोर्ट फॉरवर्डिंगच्या खटपटीत शिरण्यापूर्वी हा एक पत्ता पाहून घ्यावा, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगेन.

यातून बाहेर पडण्याचे मार्ग मोजके आहेत. पुरवठादाराकडून पैसे भरून स्थिर सार्वजनिक पत्ता घेता येतो. आयपीव्ही६ ही पुढची आवृत्ती उपलब्ध असेल तर घरातल्या प्रत्येक संगणकाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो आणि भाषांतराची भानगड उरत नाही. पण मी जेथून जोडणी करतो त्या पुण्यातील नेटवर्कवर आयपीव्ही६ नव्हते, आणि दोन्ही टोकांना ते असल्याशिवाय हा मार्ग चालत नाही. टेलस्केलसारखी खासगी नेटवर्क उभारून देणारी तयार सेवा वापरली तर काम फार लवकर होते आणि ज्यांना खोलात जायचे नाही त्यांना मी तीच सुचवीन. मी मात्र भाड्याने घेतलेला एक छोटा सर्व्हर मधे ठेवून वायरगार्ड या कूटबद्ध जोडणीच्या सॉफ्टवेअरने स्वतःचे खासगी नेटवर्क उभे केले. वायरगार्ड मार्च २०२० मधील लिनक्स ५.६ पासून कर्नलमध्येच, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातच, समाविष्ट आहे, त्याची कॉन्फिगरेशन फाईल काही ओळींची असते आणि काय चालले आहे ते मला शेवटच्या टोकापर्यंत समजते. या रचनेत घरचा संगणक स्वतःहून बाहेरच्या सर्व्हरकडे जातो. आतून बाहेर जाण्याला सीजीनॅटची आडकाठी नसते, आणि एकदा वाट उघडली की परतीची रहदारी तिच्यावरून येते. ती वाट वापरात नसल्यास भाषांतरक तिची नोंद विसरतो, म्हणून घरच्या बाजूला ‘पर्सिस्टंट-कीपअलाइव्ह’ला २५ हा आकडा दिला. दर २५ सेकंदांनी एक लहानसा संदेश जात राहतो आणि वाट उघडी राहते.

वायरगार्डचा तपास एसएसएचपेक्षा वेगळ्या रीतीने करावा लागतो, कारण किल्ली चुकीची असेल तर ते नकारसुद्धा पाठवत नाही. ज्याची ओळख पटत नाही त्याच्याशी ते काहीच बोलत नाही. म्हणून तेथे ‘डब्ल्यूजी शो’ या कमांडमधील ‘लेटेस्ट हँडशेक’, म्हणजे दोन्ही टोकांची ओळख शेवटची केव्हा पटली, ही ओळ पाहायची. ती दोन्ही टोकांना ताजी दिसत असेल तर किल्ल्या आणि पत्ते बरोबर आहेत. त्यानंतरही लॅपटॉप घरापर्यंत पोहोचत नसेल, तर मधल्या सर्व्हरवर एका टोकाची रहदारी दुसऱ्या टोकाकडे पाठवण्याची परवानगी, म्हणजे ‘आयपी-फॉरवर्ड’, चालू आहे का आणि या वाटेने कोणते पत्ते जाऊ शकतात ते सांगणाऱ्या ‘अलाउड-आयपीज’मध्ये संपूर्ण खासगी पट्टा लिहिला आहे का, हे पाहावे.

माझी जोडणी होत होती, पण ती अर्ध्यात गोठत होती. ‘-व्ही’ने पाहिले तर किल्ल्यांच्या अदलाबदलीच्या टप्प्यावर सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहत ती थांबून राहत असे; काही वेळा लॉगिन होई, पण मोठ्या फोल्डरची यादी मागितली की पडदा स्थिर होई. लहान पाकिटे जातात आणि मोठी अडकतात, याची ही हमखास खूण आहे. इथरनेटवर एका पाकिटाची कमाल मर्यादा १५०० बाइट असते, घरच्या पीपीपीओई जोडणीवर ती १४९२ होते, आणि वायरगार्ड त्यावर आपले वेष्टण चढवते, त्यासाठी आयपीव्ही४ वर ६० आणि आयपीव्ही६ वर ८० बाइट जातात. वाटेत कोठेतरी याहूनही अरुंद जागा असेल आणि ‘पाकीट मोठे आहे’ ही सूचना मधल्या फायरवॉलने अडवली, तर पाठवणाऱ्याला काहीच कळत नाही. चाचणीचे पाकीट पाठवणाऱ्या ‘पिंग’ कमांडला तुकडे न करण्याची अट घालून आकार हळूहळू कमी करत गेल्यावर कोणत्या आकाराला उत्तर येऊ लागते ते दिसले, आणि दोन्ही टोकांच्या वायरगार्डची मर्यादा १२८० वर आणल्यावर गोठणे पूर्ण बंद झाले. सर्वांत जास्त वेळ याच अडचणीने घेतला, कारण येथे चूक दाखवणारा कोणताच संदेश येत नाही.

मग वीज गेली. साताऱ्यात पावसाळ्यात हे होतच राहते, आणि दूरच्या संगणकाची खरी परीक्षा वीज परत आल्यावर होते. पुण्याहून काहीच लागत नव्हते म्हणून घरी फोन केला. “बाबा, संगणकाचा दिवा लागलाय का ते जरा बघता का?” असे विचारल्यावर दिवा बंद असल्याचे कळले. बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, वीज परतल्यावर काय करायचे याचा एक पर्याय असतो, तो बहुधा ‘बंद राहा’ असा असतो. पुढच्या खेपेस घरी गेल्यावर तो ‘सुरू हो’ असा केला. तरीही पुढच्या वेळी यंत्र सुरू झाले आणि नेटवर्कवर मात्र आले नाही. बाबांनी बटण दाबून पडदा जागा केला, लॉगिनचा पासवर्ड दिला आणि क्षणभरात सगळे जोडले गेले. येथेच कारण लपलेले होते. नेटवर्कमॅनेजरमध्ये वाय-फायची जोडणी एका वापरकर्त्यापुरती मर्यादित ठेवता येते आणि तिचा पासवर्ड त्या वापरकर्त्याच्या कोशात राहू शकतो. मग तो वापरकर्ता डेस्कटॉपवर आल्याशिवाय वाय-फाय जोडले जात नाही, आणि वाय-फायशिवाय दूरवरून येण्याचा मार्गच नाही. त्या जोडणीच्या सेटिंगमध्ये ‘इतर वापरकर्त्यांसाठीही उपलब्ध’ हा पर्याय निवडल्यावर संगणक लॉगिनच्या पडद्यावर असतानाच नेटवर्कवर येऊ लागला. पुढे मी राउटरपासून केबलच टाकून घेतली. कायम चालू ठेवायच्या संगणकाला केबल द्यावी, हे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांची पूर्ण डिस्क कूटबद्ध आहे त्यांना आणखी एक अडथळा असतो, कारण यंत्र सुरू होतानाच सांकेतिक वाक्य मागते. त्यासाठी ‘ड्रॉपबेअर-इनिटरॅमएफएस’ हे पॅकेज प्रणाली सुरू होण्याआधीच एक लहान एसएसएच सर्व्हर चालवते.

झोपेचा प्रश्न याच जातीचा. कीबोर्डला कोणी हात लावला नाही की डेस्कटॉप आपल्याला कोणी वापरत नाही असे समजतो, मग दूरवरून कोणी टर्मिनलमध्ये काम करत असले तरीही. वापरकर्त्याच्या सेटिंगमध्ये स्वयंचलित झोप बंद केली तरी लॉगिनच्या पडद्याची सेटिंग वेगळी असते आणि वीज जाऊन आल्यावर यंत्र त्याच पडद्यावर थांबलेले असते. म्हणून ‘सिस्टिमसीटीएल मास्क’ने झोपेच्या आणि हायबरनेशनच्या सगळ्या अवस्थाच बंद केल्या.

शेवटी एक विचित्र संथपणा उरला. लॉगिन व्हायचे, पण किल्ली स्वीकारल्यानंतर सुमारे २५ सेकंद काहीच घडत नसे. हा आकडाच मार्गदर्शक ठरला, कारण डी-बस या अंतर्गत संदेशव्यवस्थेची उत्तराची मूळ मुदत २५ सेकंदांची आहे. नोंदवहीत ‘पॅम-सिस्टिमडी’ला सत्र तयार करता आले नाही अशी ओळ होती, अद्ययावतीकरणानंतर डी-बस आणि वापरकर्त्यांची सत्रे सांभाळणारी ‘सिस्टिमडी-लॉगिनडी’ यांचा एकमेकांशी संपर्क तुटलेला होता आणि लॉगिनडी पुन्हा सुरू केल्यावर वेग पूर्ववत झाला. लॉगिनला लागणारा वेळ वाढला तर त्याकडे दुर्लक्ष करू नये, असे मला वाटण्यामागे एक मोठे उदाहरण आहे. मार्च २०२४ मध्ये पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसचे विकासक आंद्रेस फ्रॉइंड यांना आपल्या डेबियन लिनक्सच्या यंत्रावर एसएसएच लॉगिनला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आणि प्रोसेसरचा वापरही वाढतो असे जाणवले. त्यांनी त्याचा पाठपुरावा केला आणि एक्सझेड या फायली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी हेतुपुरस्सर पेरलेला चोरदरवाजा जगासमोर आला. तो सर्वत्र पसरण्याआधी सापडला, याचे श्रेय अर्ध्या सेकंदाचा विचार करणाऱ्या एका माणसाला आहे.

लांब चालणाऱ्या कामासाठी आता मी ‘टीमक्स’ वापरतो, त्यामुळे मधे जोडणी तुटली तरी टेसरॅक्टचे काम साताऱ्यात चालूच राहते आणि पुन्हा लॉगिन केल्यावर तोच पडदा समोर येतो.

सर्व स्थिर झाल्यावर पासवर्डने होणारे लॉगिन बंद केले. येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. एसएसएच सर्व्हर प्रत्येक पर्यायासाठी पहिल्यांदा वाचलेली किंमत धरतो, आणि उबुंटूच्या मुख्य फाईलमध्ये ‘एसएसएचडी-कॉन्फिग.डी’ या फोल्डरातल्या फायली सुरुवातीलाच वाचण्याची ओळ असते. त्या फोल्डरात, उदाहरणार्थ सर्व्हर आवृत्तीच्या अनेक यंत्रांवर क्लाउड-इनिट या यंत्राची पहिली मांडणी करणाऱ्या प्रोग्रामने ठेवलेली, पासवर्डला परवानगी देणारी फाईल असेल, तर मुख्य फाईलमध्ये ‘नो’ लिहूनही पासवर्ड चालू राहतो आणि मालकाला मात्र तो बंद आहे असे वाटत राहते. म्हणून फाईल वाचून समाधान न मानता ‘एसएसएचडी -टी’ मोठ्या टीने चालवून सर्व्हर प्रत्यक्षात कोणती किंमत धरतो ते पाहिले. लहान टीने हीच कमांड फाईलमधील लेखनाच्या चुका दाखवते, ती बदल लागू करण्यापूर्वी चालवली. हे सर्व करताना एक चालू जोडणी उघडीच ठेवली आणि दुसऱ्या खिडकीतून नव्याने लॉगिन होते हे पाहिल्यानंतरच ती बंद केली. लॅपटॉप हरवला किंवा बिघडला तर अडकून पडू नये म्हणून दुसरी एक किल्ली तयार करून, तिला सांकेतिक वाक्य लावून, ती पेनड्राइव्हवर साताऱ्याच्या घरी कपाटात ठेवली आहे. तिचा सार्वजनिक भाग अधिकृत किल्ल्यांच्या फाईलमध्ये वेगळ्या ओळीवर आहे आणि त्या ओळीच्या शेवटी ती कोणती किल्ली आहे हे लिहिलेले आहे.